साखरेवर जगणारी गाठ

१२ जानेवारी १९८९

काल बायकोला, रखमाला, घेऊन परळच्या हॉस्पिटलात गेलो होतो. मोठ्या डॉक्टरबाईंनी छातीचा फोटो काचेवर लावला आणि दोन्ही फुफ्फुसांतले दाणे दाखवले. टाळूची गाठ काढली, लाईटही, म्हणजे किरणांचे शेक, देऊन झाले, तरी ती आत नसेच्या कडेकडेने पुन्हा चालू लागली आहे. आता ऑपरेशन नाही, लाईट नाही. ही गाठ लाळेच्या पिंडातून निघते, फार थोड्या लोकांना होते, आणि तिला लागू पडेल असं औषध कुणाकडे नाही.

बाई म्हणाल्या, "ही हळू चालते. काहींची कितीतरी वर्षं तशीच राहते. घरी न्या, झेपेल ते काम करू द्या, आवडेल ते खाऊ द्या."

रखमा "बरं" म्हणाली. टाळूच्या जागी बसवलेली प्लेट सैल झाली होती, त्यामुळे तो शब्द नाकातून आला.

आवडेल ते खाऊ द्या. फाशीच्या कैद्याला विचारतात तसं. परत येताना ती खिडकीला डोकं टेकून झोपली आणि मी पूर्ण वेळ त्याच एका वाक्यावर जळत होतो. मी केमिस्ट्रीचा बी.एस्सी. आहे, अंबरनाथच्या कंपनीत लॅबमध्ये काम करतो. तिथली शिस्त अशी की जे दिसतं ते तारीख घालून लिहायचं. म्हणून आजपासून हे लिहिणं.

१५ जानेवारी

रखमाचा भाऊ चंदर बदलापूरहून आला होता. तिकडे कुणी बाबा आहे, तो अंगारा देतो, म्हणे एका बाईची गळ्याची गाठ विरघळली. मी शांतपणे सांगितलं, "चंदर, माझ्या बापाने छप्पन साली देव नदीत सोडले. ते काय मी पुन्हा अंगारा लावावा म्हणून?"

तो म्हणाला, "भावजी, मग तुम्ही काय करणार?"

रखमाने चहा आणला आणि विषय मोडला.

२४ जानेवारी

रिपोर्ट घ्यायला एकटाच परळला गेलो. व्हरांड्यात तो तरुण डॉक्टर भेटला, बाईंच्या हाताखालचा. मी त्याला सोडलंच नाही. एकही रस्ता नाही असं कसं, म्हणून विचारत राहिलो. तो बिचारा उभ्याउभ्या बोलला. कॅन्सरची पेशी साध्या पेशीपेक्षा कितीतरी जास्त साखर खाते आणि ती पुरती जाळत नाही, अर्धवट जाळून तिचं लॅक्टिक ॲसिड करते. ही तिची खोड. परदेशात काहीजण नेमकं या खोडीवरच औषध शोधताहेत, डोक्या-मानेच्या काही गाठींवर करूनही पाहिलंय. "पण तुमच्या मिसेसच्या गाठीवर कुणी केलेलं नाही. औषध इथे मिळतही नाही. ही सगळी कागदावरची गोष्ट आहे, काका."

औषध मिळत नसेल. पण साखर तर आपण देतो. आपणच देतो, रोज, ताटात वाढून.

लॅक्टिक ॲसिड म्हणजे माझ्या ओळखीची वस्तू. परत येताना कितीतरी महिन्यांनी छाती मोकळी वाटली.

२९ जानेवारी

उल्हासनगरच्या कॉलेजात माझे जुने सर अजून आहेत. त्यांच्याकडून बायोकेमिस्ट्रीचं पुस्तक आणलं. पान पान वाचतोय. भात, पोळी, भाकरी, बटाटा, केळं, दूध, सगळ्याची शेवटी साखरच होते. शरीर मात्र चरबीवरही चालू शकतं. गाठ चालू शकत नाही, असं मी समजतो. पुस्तकात तसं सरळ लिहिलेलं नाही.

आज रखमाला समोर बसवून सगळं सांगितलं. पेशी काढून दाखवली, बाण काढले. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे भात नाही?"

"भात नाही, चपाती नाही, चहात साखर नाही."

"पेज?"

"पेज म्हणजे भातच."

मी म्हटलं, तुला पटत नसेल तर सांग. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "किती दिवसांनी तुम्ही असे बोलताय. करू या. तुम्ही म्हणाल तसं."

तिला पटलं याचा आनंद झाला.

६ फेब्रुवारी

अंडी, सुकट, मेथीची पातळ भाजी, मटणाचं पाणी. अडचण प्लेटची आहे. सुकट प्लेटखाली अडकते, अंड्याचा बलक टाळूला चिकटतो आणि नाकात चढतो. गुरगुट्या भात तिला सगळ्यांत सोपा जायचा. मित्राने, आमच्या मुलीने, अंडं मेथीच्या पाण्यात कुस्करून दिलं. मित्रा यंदा दहावीला आहे, संघमित्रा तिचं पूर्ण नाव. अभ्यास सांभाळून स्वयंपाक करते.

१८ फेब्रुवारी

आज लॅबमध्ये रखमाच्या लघवीची टेस्ट केली. साहेब रजेवर होते. अमोनियम सल्फेट, नायट्रोप्रुसाइडचा खडा, वरून हळूच अमोनिया. मधोमध जांभळं कडं उठलं, इतकं सुंदर की मी ते उजेडात धरून बघत बसलो. याचा अर्थ शरीरात साखर उरलेली नाही, ते चरबी जाळतंय. गाठ उपाशी आहे.

घरी येऊन सांगितलं तर रखमा म्हणाली, "जांभळं म्हणजे चांगलं ना?"

"फार चांगलं."

"मग बरं झालं." आणि भिंतीला धरून आत गेली. चक्कर येते म्हणते. सवय व्हायला वेळ लागणारच.

३ मार्च

रखमाने काम सोडलं. उल्हासनगर कॅम्प दोनला एका सिंधी शेठच्या कारखान्यात ती परकर शिवायला जायची, ऑपरेशननंतरसुद्धा गेली होती. आता शिलाई मशीनचं पायडल मारवत नाही. शेठची बायको स्वतः घरी आली, रिक्षाने. सोबत डब्यात मिठाई. "भाभी, तू किती सुकलीस. कुछ खाती नहीं क्या?" रखमा म्हणाली, "खाते की." शेठाणीने माझ्याकडे पाहिलं. मी तिला पेशीचं सांगायला लागलो, पण तिला मराठी फारसं कळत नसावं. मिठाई मी खालच्या घरी देऊन टाकली.

वजन बरंच उतरलंय. गाल बसल्यामुळे उजव्या बाजूची सूजही कमी दिसते. मला तरी दिसते.

११ मार्च

मित्राची परीक्षा चालू आहे. भूक वाढलीय पोरीची. सकाळी ताटात भात भरून घेते आणि आत आईजवळ बसून खाते. आईला सोबत होते, हेही चांगलं.

१६ मार्च

दोन टेस्ट झाल्या, जांभळा रंग आला नाही. केमिकल जुनं झालं असेल म्हणून नवी बाटली फोडली. तरी नाही.

आज जेवायला दुपारी घरी आलो. एरवी येत नाही. रखमाच्या हातात वाटी होती आणि मित्रा तिला मऊ भात भरवत होती. वर दूध आणि साखर. दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. रखमाच्या ओठाला शीत लागलं होतं.

मी आवाज चढवला नाही. इतकंच विचारलं, "कधीपासून?"

रखमा म्हणाली, "मी मागितला. पोरीला बोलू नका."

मित्रा म्हणाली, "बाबा, आईला भूक लागते. ती रात्री उशीत तोंड घालून रडते. तुम्हाला ऐकू येत नाही?"

मी सांगितलं की ती भूक आईची नाही, गाठीची आहे. गाठच मागते. आपण प्रत्येक घासाला तिला पोसतो. मी खाली बसलो आणि मला रडू आलं, तेही मुलीसमोर. रखमाने वाटी बाजूला सारली, उठून माझ्याजवळ आली आणि पाठीवर हात फिरवत राहिली. म्हणाली, "नाही खाणार. झालं ना? आता नाही खाणार."

संध्याकाळी त्या दोघी आत कुजबुजत होत्या. रखमा म्हणत होती, "माझ्यासाठी नाही गं. त्यांच्यासाठी." कशाबद्दल ते कळलं नाही.

२५ मार्च

रंग परत आला. गडद.

१४ एप्रिल

जयंती. रखमाला पांढरी साडी नेसायची होती. मित्राने कमरेला दोन पिना लावल्या तरी ती घसरत होती. कट्ट्यावर खुर्ची टाकून तिला बसवलं. मिरवणूक आमच्या गल्लीतून गेली, बायका थांबून थांबून तिला भेटत होत्या आणि भेटल्यावर नजर दुसरीकडे नेत होत्या. कुणीतरी हातात बुंदीचा लाडू दिला. तिने तो बराच वेळ हातात धरला, मग माझ्याकडे बघून शेजारच्या मुलीला दिला.

हिच्याइतका निर्धार मी कुणात पाहिलेला नाही.

३ मे

परळला जाऊन आलो. डॉक्टरबाईंनी जानेवारीचा फोटो आणि आजचा फोटो शेजारीशेजारी लावले. दाणे तेवढेच. एकही वाढलेला नाही. टाळूतली गाठही जैसे थे.

मी बाईंना पथ्याचं सगळं सांगायला लागलो, पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या, रखमाच्या दंडाकडे बघत होत्या. चिमटीत कातडी धरून त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही जेवत नाही का? घरी कुणी देत नाही?"

रखमा म्हणाली, "देतात. मलाच भूक नसते."

मग बाई माझ्याकडे वळल्या. "हे बघा, ही गाठ आहे तशीच राहिली असती. मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं, हळू चालते. तुमची बायको गाठीने नाही सुकली. तिला भात द्या, दूध द्या, केळं द्या. आजपासून."

मी हो म्हणालो. त्यांच्याशी वाद कसा घालणार. पण जिथे त्यांचं औषध चालत नाही तिथे एका लॅबवाल्याचं पथ्य चाललं, हे त्यांना कसं रुचावं? दोन फोटो डोळ्यांसमोर आहेत. पुरावा यापेक्षा वेगळा काय असतो.

५ मे

काल झोप लागली नाही. लॅबमध्ये आपण नेहमी दोन सॅम्पल घेतो, एकात केमिकल टाकतो, दुसरं तसंच ठेवतो. तसंच ठेवलेलं नसेल तर फरक कशामुळे पडला ते सांगता येत नाही. रखमा एकच आहे. ती पोटभर जेवली असती आणि दाणे तरीही तेवढेच राहिले असते, तर?

हा विचार पुढे नेऊन उपयोग नाही. चालू आहे ते मोडायची माझी हिंमत नाही. मोडलं आणि वाढलं तर मी काय करू?

२० मे

बुद्ध पौर्णिमा. विहारात खीर होती, मित्रा घरी पातेलीभर घेऊन आली. रखमा अंथरुणावर होती. म्हणाली, "पोरी, इथे बसून खा. मी बघते." मित्राला खाववेना. रखमाने पातेली जवळ ओढून नुसता वास घेतला. मग माझ्याकडे बघून हसली.

"अहो, भगवान बुद्धांनीसुद्धा उपाशी राहणं सोडलंच होतं ना? सुजाताची खीर खाल्ली होती."

मी म्हटलं, "त्यांना गाठ नव्हती."

"नव्हती," ती म्हणाली. "ते तर खरंच."

तिची विनोदबुद्धी अजून शाबूत आहे. मित्रा उठून बाहेर गेली आणि बराच वेळ आली नाही. खीर संध्याकाळी नासली.

११ जून

मित्रा पास झाली, फर्स्ट क्लास. रखमाने तिचा हात स्वतःच्या गालावर ठेवून घेतला. आता बोलणं फार कमी झालंय. हिरड्या आटल्यामुळे प्लेट बसत नाही, ती काढून ठेवली की शब्द कळत नाहीत. मी निम्मे अंदाजाने घेतो. मित्राला सगळे कळतात.

२ जुलै

ताप आणि खोकला. गल्लीतल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. अंगात ताकद नाही म्हणाले, छाती भरलीय. मी दाण्यांचं विचारलं. ते म्हणाले, "दाण्यांचं सोडा हो."

६ जुलै

उल्हासनगरला सरकारी दवाखान्यात ठेवलंय. न्युमोनिया. सकाळी गेलो तेव्हा नर्स सलाईन लावत होती. बाटलीवर वाचलं, ग्लुकोज होतं. मी म्हटलं, "सिस्टर, हे नको, साधं सलाईन लावा, हिला साखर चालत नाही."

"डायबेटिस आहे?"

"नाही."

"मग?"

मी सांगायला लागलो. वॉर्डातले नातेवाईक बघायला लागले. डॉक्टर आले, माझ्याहून वयाने लहान. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मामा, यांच्या अंगात काही उरलेलं नाही. तुम्ही जरा बाहेर बसता का?"

मी नळीला हात लावला होता, हे खरं आहे. काढणार होतो की नाही, आता सांगता येत नाही. रखमाने माझं मनगट धरलं. प्लेट तोंडात नव्हती, तरी हे शब्द मला स्पष्ट कळले. "राहू द्या ना. आता राहू द्या."

मी हात काढला. तिथेच बसून थेंब पडताना बघत राहिलो. बाटली अर्धी झाल्यावर ती काहीतरी म्हणाली. मित्राने कान जवळ नेला आणि मला सांगितलं, "आई म्हणते, तोंड गोड झालंय."

शिरेतून दिलेल्या साखरेची चव जिभेला कळत नाही. तसं होणं शक्य नाही.

९ जुलै

रखमा गेली. पहाटे.

१७ जुलै

दाखल्यावर मृत्यूचं कारण न्युमोनिया लिहिलंय. कॅन्सर हा शब्द कुठेच नाही. मी तो दाखला पुन्हा पुन्हा वाचतो. गाठीने तिला नेलं नाही. एवढं मी तिच्यासाठी केलं, असं चंदरला सांगितलं. तो म्हणाला, "हो भावजी." आणि चप्पल घालून निघाला. जेवायला थांब म्हटलं तरी थांबला नाही.

२० ऑगस्ट

मित्रा कॉलेजात जायला लागली. माझ्यासमोर जेवत नाही. माझं ताट वाढते, झाकून ठेवते, आणि शेजारच्या घरी जाऊन बसते. काय झालं विचारलं तर "काही नाही" म्हणते. वयाचा परिणाम असेल. आई नसल्यावर मुली अशा होतात, असं शेजारच्या भिमाबाई म्हणाल्या. आता त्याही फारशा बोलत नाहीत.

टेस्ट करायचं केमिकल लॅबमधल्या टेबलावर तसंच आहे. काल सॅम्पल घेताना चुकून त्याच बाटलीकडे हात गेला.

१ ऑक्टोबर

चंदरबरोबर काम करणारा कोंडाजी नावाचा माणूस बदलापूरजवळ सोनिवलीला राहतो. त्याच्या बायकोला, गोजरबाईला, अशीच टाळूची गाठ निघालीय. परळला हेच सांगितलं, औषध नाही. चंदरने त्याच्याजवळ माझा विषय काढला असावा. तो काल कंपनीच्या गेटवर येऊन उभा होता, हातात टोपी. "साहेब, तुमी काय तरी जेवनाचं पथ्य पालता असं समजलं. एकदा येऊन सांगा आमच्या घरात."

मी हो म्हटलं. काय द्यायचं, काय नाही, ते एका मोठ्या कागदावर नीट लिहून काढलं. फोटोंची हकिकत लिहिली. निदान आता दुसरं सॅम्पल मिळेल. हे वाक्य लिहून मी खोडणार होतो, पण लिहिलं ते लिहिलं.

८ ऑक्टोबर

रविवार. सोनिवलीला गेलो. कोंडाजीची थोडी भाताची जमीन आहे, बाकीच्या जागेवर बिल्डिंगी उठताहेत. गोजरबाई ओटीवर बसून तांदूळ पाखडत होती. गाल किंचित सुजलेला, बाकी अंगाने चांगली भरलेली, रखमा होती तशी. मला बघून पदर नीट केला आणि आत चहा टाकायला सांगितला.

कोंडाजी म्हणाला, "साहेब आलेत. सगला समजावून देतील."

मी कागदाची घडी उघडली. गोजरबाईने सूप खाली ठेवलं. तिच्या हाताला तांदळाचं पीठ लागलं होतं.

"साहेब, भात बंद करायला लागंल असं हे बोलतान. आमी भाताची मानसा. दुसरा काय तोंडान फिरत नाय माझ्या. मंग मी खाऊ काय?"

मला सगळं पाठ आहे. पेशी, साखर, ॲसिड, जांभळं कडं, दोन फोटो. झोपेतून उठवलं तरी सांगेन. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हणालो, "भात खा."

कोंडाजी म्हणाला, "पन चंदर तर बोलला..."

"त्याची ऐकण्यात चूक झाली असेल. बाईंना जे आवडतं ते खाऊ द्या. पोटभर."

कागद मी घडी करून खिशात ठेवला. त्यांनी आग्रहाने जेवायला बसवलं. भात आणि सुक्या बोंबलांचं कालवण. गोजरबाई माझ्यासमोर बसून जेवली, हळूहळू, एका बाजूने चावत. दोनदा भात घेतला. मी असं का सांगितलं, मला माहीत नाही. मी हे सांगायला गेलो नव्हतो.

घरी आल्यावर मित्राने विचारलं, कुठे गेला होतात. मी सांगितलं.

"मग काय सांगितलंत त्यांना?"

"भात खा म्हणून सांगितलं."

ती दारात उभी होती, हातात माझं झाकलेलं ताट. तिने ते खाली ठेवलं. मग म्हणाली, "आणि आईला?"

मी तिला खाली बसायला सांगितलं. कॅन्सरची पेशी साध्या पेशीपेक्षा जास्त साखर खाते, तिथून सुरुवात केली. ती बसली नाही, पण ऐकत होती. साखर अर्धवट जळते आणि तिचं लॅक्टिक ॲसिड होतं, इथपर्यंत आलो. पुढचं वाक्य मला येत होतं: म्हणून भात बंद. ते मी म्हणालो नाही. ती अजून उभीच होती.